गाडी रडायची थांबली

१

शनिवारी उन्हं कलल्यावर शहागडच्या जुन्या घाटाच्या उतारावरून एक पांढरी चारचाकी खाली आली, ती थांबलीच नाही. पायऱ्यांच्या अलीकडचा दगडी कठडा फोडून ती एकदा उलटली आणि गोदावरीच्या काठच्या खडकांवर जाऊन आदळली. आत तीर्थपुरीचा सोमेश्वर एकटाच होता. घाटावरची माणसं धावत पोचली तोवर त्याचा जीव गेलेला. मागच्या सीटवर हळदीकुंकवानं माखलेलं एक गाठोडं होतं आणि त्यातला नारळ फुटून सगळी सीट ओली झाली होती.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी पोलिसांना एकच गोष्ट सांगितली. गाडी उतारावर आली तेव्हा तिच्या आतून कुणीतरी जाड आवाजात कण्हत होतं.

सोमवारी मोटार वाहन निरीक्षक गंधाली जालन्याहून ठाण्यावर आली. अपघातातली गाडी तपासायची आणि ती का थांबली नाही ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. अशा गाड्या तिनं इतक्या पाहिल्या होत्या, की रस्त्यात कुणाचाही ब्रेक वाजला तरी तिचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. घरच्यांना ते कधी कळलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

हवालदार बुद्धभूषण फाटकातच उभा होता.

"मॅडम, गाडी बघायच्या आधी जरा ऐकून घ्या. ही सीधी केस न्हाई. मयताची आई द्वारकाबाई. तिनं तक्रार दिलीय, की सुनेनं गावातल्या मिस्त्रीला हाताशी धरून ब्रेकचा पाइप कापला. सुनेचं नाव मीना. दुसरेपणाची हाय. मिस्त्री वसंता आत बसवलाय."

"आणि गाव काय म्हणतं?"

बुद्धभूषणनं आवाज खाली केला. "गावाचं येगळंच. मयताची पयली बायको शीतल, ती याच घाटावर बुडून गेल्ती. गाडी तिच्या हौसेची. दिवाळीच्या आधीपासून गाडी रडायची म्हणतात. थांबताना बाईवानी रडायची. गाव म्हणतंय, शीतलच रडायची अन् शीतलच घेऊन गेली त्याला."

गाडी उन्हात होती. गंधालीनं ती लिंबाच्या सावलीत घ्यायला सांगितलं. चौघांनी मागून रेटा दिला. पुढचं चाक अर्धं फिरलं आणि त्यातून एक लांबलचक, खरखरीत कण्हणं बाहेर आलं. चौघांनी एकदम हात सोडले. एका शिपायानं हात जोडले. लिंबावरचे कावळे उडाले, आणि गंधालीच्या मानेवर काटा आला तो तिला लपवता आला नाही.

भिंतीला टेकून सोमेश्वरचा धाकटा भाऊ अंगद उभा होता. डोळे सुजलेले, डोकं भादरलेलं. तो पुढं आला आणि गाडीकडे बघत म्हणाला, "हा तिचा आवाज न्हाई."

"कुणाचा?"

"शीतलवहिनीचा. वहिनी बारीक रडायची, शिट्टीवानी. हे कोण हाय, मला ठावं न्हाई."

२

गंधालीनं पुढची दोन्ही चाकं उतरवून घेतली आणि गुडघ्यावर बसली.

ब्रेकचा पाइप शाबूत होता. कुठं कापलेला नाही, कुठं फाटलेला नाही. पण ब्रेकचं ऑइल सगळं वाहून गेलं होतं, ते चाकाजवळून. चाकाच्या आतल्या चकतीला दोन बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड; त्यांच्यावरचा जाड थर पार झिजून नुसता लोखंडी पत्रा उरला होता. लोखंडावर लोखंड घासून चकतीवर नांगरटीसारखे चर पडले होते. पॅड इतके पातळ झाले, की त्यांना ढकलणारा दट्ट्या पुढं सरकत सरकत आपल्या घरातूनच निसटला. मग ऑइल गेलं आणि पेडल रिकामं झालं.

"हे एका रात्रीत होत नाही," ती म्हणाली. "महिनोन्‌महिने गाडी सांगत असते. आधी बारीक किंचाळते, मग खरखरते, मग पेडल खोल जायला लागतं. शेवटी काहीच सांगत नाही."

"म्हंजी आताचं हे कण्हणं..."

"लोखंडावर लोखंड. घाटावरच्या बायांनी ऐकलं तेही हेच."

"अन् आधीचं रडणं?"

तिनं पॅडच्या कडेवर बोट ठेवलं. "इथं एक छोटी पोलादी पट्टी असते. कारखान्यातच लावतात. पॅड संपत आला की ती चकतीला टेकते आणि शिट्टीसारखी वाजते. मालकाला कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेली."

बुद्धभूषण वाकून बघायला लागला. "कुठाय?"

"तेच मी शोधतेय."

डाव्या चाकाला पट्टी नव्हती. उजव्यालाही नव्हती. ज्या जागी ती असायला हवी तिथं नुसता बारीक खुंट होता, पक्कडीनं सरळ चावून तोडल्यासारखा. कापल्याची जागा काळपट धुळीखाली अजून चमकत होती. पट्टी आपोआप तुटली असती तर कड वेडीवाकडी निघाली असती. आणि दोन्ही चाकांची एकाच जागी तुटली नसती.

बुद्धभूषणनं सुस्कारा सोडला. "म्हंजी भूत न्हाई, मॅडम."

"भूत नाही. पण कुणीतरी बसून, चाकं काढून, तिचं तोंड बंद केलंय. त्या माणसाला ब्रेकचं सगळं ठाऊक होतं."

दोघांची नजर एकाच वेळी ठाण्याच्या व्हरांड्याकडे गेली. तिथं वसंता मिस्त्री गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

३

"दसऱ्यालाच सांगितल्तं मी त्याला," वसंता म्हणाला. "सोमेश्वर, पॅड संपले, बदलून टाक. मोठा खर्चा बी न्हाई. तो म्हणला, राहू दे वसंता. वाजू दे."

"वाजू दे?"

"हां. काचा खाली करून हिंडायचा, मॅडम. मोकळ्या रस्त्यावर उगंच ब्रेक मारायचा. एकदा मी संगं होतो. आवाज आला की गप व्हायचा, तोंड खिडकीकडं करायचा. मी बी मंग इचारलं न्हाई. इचारण्यासारखं नव्हतंच ते."

"दसऱ्यानंतर गाडी तुमच्याकडे आली?"

"बिलकुल न्हाई."

"पट्टी कुणी कापली?"

"मी न्हाई. मी कामून कापीन? मी मिस्त्री हाय. कापायची असती तर पॅडच बदलले नसते का?"

हे गंधालीला पटलं. पण बुद्धभूषणकडे दुसरी गोष्ट होती. शनिवारी गाडी घरून निघायच्या वेळी वसंतानं सोमेश्वरला एकामागून एक फोन लावले होते. ते उचलले गेले नाहीत. लगेच त्यानं मीनाला फोन लावला, आणि तो तिनं उचलला.

"काय बोलणं झालं?" बुद्धभूषणनं दरडावलं. "काम झालं म्हणून सांगितलं का?"

वसंतानं ओठ आवळले. डोळ्यांत पाणी तरारलं. तो म्हणाला, "मीनावहिनीला इचारा. त्यांचं नाव आधीच लोक खराब करून राह्यलेत. माझ्या तोंडून एक शब्द निघाला तरी लोक त्याचं धा करतील."

अंगद बाहेरच होता. गंधालीनं त्याला विचारलं, गाडी शेवटची कधी चालवली.

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी. पूजेपास्नं रडणं बंद झाल्तं. पर गाडी डावीकडं वढायची. पेडल पार खाली जायचं, अन् पुढं लाल दिवा पेटलेला. मी दादाला म्हणलं बी. तो म्हणला, ठावं हाय, होतंय काम."

"कुठली पूजा?"

अंगद चपापला. "आईनं सांगितलं न्हाई का तुम्हाला?"

४

तीर्थपुरीत सोमेश्वरचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. ओसरीवर सतरंजी टाकलेली, कोपऱ्यात पणती. द्वारकाबाई भिंतीला पाठ लावून ताठ बसल्या होत्या. रडून झालेलं दिसत होतं, आता नुसता राग होता.

"पाइप कापलेला नाही, मावशी," गंधालीनं आधीच सांगून टाकलं.

"मंग दुसरं काय तरी कापलं असंल. तिनं माझ्या लेकाला खाल्लं. ती घरात आली अन् त्याच वर्षी गाडी रडायला लागली. ही गाडीत बसली की जास्ती रडायची. शीतलला सहन व्हईना."

"पूजा तुम्ही करवलीत?"

"मीच. आवसेला भगत बोलावला. मी सोमेश्वरला सांगितलं, पूजेनं रडणं थांबलं तर हिला ऱ्हाऊ दे. न्हाई थांबलं तर हिला जाफराबादेला, माहेरी धाड. त्यानं हां म्हणलं." त्या थोड्या थांबल्या. "अन् थांबलं. भगतानं गाडीभवती पाणी फिरवलं, सोमेश्वरनं गल्लीत गाडी पुढंमागं केली. ब्रेक मारला. हूं न्हाई की चूं न्हाई."

"आदल्या रात्री गाडी कुठं होती?"

"शेतातल्या पत्र्याच्या शेडात, आखाड्यावर. सोमेश्वर पाणी द्यायला तिथंच झोपल्ता."

"आणि मीना?"

"ती घरात. मी त्या राती उंबऱ्याला आडवी झोपल्ते. पूजेच्या आदल्या राती हिनं काय करणी कराया नको म्हणून. माझ्या अंगावरनं गेल्याबिगर भाईर जाता येत न्हाई."

गंधालीनं मान हलवली. ज्या बाईवर आरोप केला तिच्या बाजूनं साक्ष आपणच देऊन टाकली, हे द्वारकाबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

"शनिवारी तो घाटावर कशाला गेला?"

"उतारा सोडायला. भगत म्हणला, शनवारपतुर गाठोडं गाडीत ठिवा, मंग जिथं ती बुडाली तिथंच सोडा. म्हंजी परत येणार न्हाई. उतारा घिऊन निघाल्यावर बोलायचं नसतं, मागं बघायचं नसतं. मागनं हाक बी मारायची नसते. गाडीत बसताना त्याचा फोन लई वाजला. मी हातानंच खुणावलं, उचलू नको."

मीनाला भेटायला आत वळताना शेजारच्या चांगुणाबाईंनी भिंतीवरून बुद्धभूषणला हटकलं. त्या म्हाताऱ्या, बोलक्या, आणि गेले दोन दिवस कुणी काही विचारत नाही म्हणून बेचैन.

"हवालदार, पूजेनं थांबलं म्हणत्यात ना? खोटं. आमचं कुत्रं त्या गाडीचं रडणं ऐकलं की गळा काढायचं. पूजेच्या सकाळी सोमेश्वर आखाड्यावरनं गाडी घिऊन आला, दारात थांबला, अन् कुत्रं डोळे मिटून पडलेलंच. भगत तर चांगलं ऊन वर आल्यावर आला."

गंधाली जागच्या जागी थांबली. रडणं पूजेच्या आधीच बंद झालं होतं. आखाड्यावर. रात्री.

५

मीना स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. पस्तिशीच्या आतबाहेरची, मोकळं कपाळ, हात रिकामे. गंधालीला वाटलं होतं, ही निर्दोष असल्याचं सांगत रडेल. ती रडली नाही. तिनं उलट प्रश्न विचारला, आणि तो विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की बुद्धभूषणला पुढं वाकावं लागलं.

"मॅडम, त्यांनी ब्रेक मारला होता का?"

गंधालीला तो प्रश्न लगेच उलगडला नाही.

"लोक म्हणून राह्यलेत, तिनं बोलावलं अन् ते गेले. स्वतःहून गेले. मला तेवढंच सांगा. त्यांनी थांबायचं बघितलं का?"

मृतांच्या गाड्या बघून बघून गंधालीला बरंच काही वाचता यायचं, पण ते कुणी असं मागितलं नव्हतं. ती मीनासमोर खाली बसली.

"पेडलखाली त्यांची चप्पल सापडली. चपलेचा अंगठा मुळापासून उपटलाय, इतक्या जोरात आणि इतक्या वेळा त्यांनी पाय मारलाय. हँडब्रेक पार वर ओढलेला होता, पण त्या उतारावर एकटा तो पुरला नाही. गिअर खालचा टाकलेला. थांबण्यासाठी माणसाला जे जे करता येतं ते सगळं त्यांनी केलं. त्यांना जायचं नव्हतं, मीनाताई. त्यांना घरी यायचं होतं."

मीनानं तोंडात पदर कोंबला. बाहेर ओसरीवर द्वारकाबाई खोकल्या, तशी तिनं दचकून डोळे पुसले.

"वसंताचा फोन कशासाठी होता?" गंधालीनं हळूच विचारलं.

"नवे पॅड आलेत म्हणला. जालन्याहून मागवल्ते. ते फोन उचलत न्हाईत, त्यांना सांगा, गाडी हलवू नका, आहे तिथंच मी येतो."

"पॅड कुणी मागवले होते?"

"त्यांनीच. आवसेच्या आदल्या दिवशी. गावात मिळाले न्हाईत."

"फोन आला तेव्हा गाडी दारातच होती. मग तुम्ही त्यांना सांगितलं?"

मीना ओसरीच्या दिशेनं बघत राहिली. तिकडं म्हातारीची सावली भिंतीवर पडली होती.

"न्हाई."

"का?"

"न्हाई सांगितलं. मीच न्हाई सांगितलं. लिवा तुम्ही तसं. माझ्यामुळं गेले." ती उठली आणि आतल्या अंधारात निघून गेली.

बुद्धभूषणनं गंधालीकडे पाहिलं. "मॅडम, ही तर कबुली झाली."

६

"कबुली कशाची?" गाडीत बसल्यावर गंधाली म्हणाली. "आधी आखाडा बघू."

अंगद सोबत आला. तुरीच्या शेताच्या कडेला पत्र्याचा आखाडा. आत बाज, विहिरीच्या मोटारीची पेटी, कोपऱ्यात जॅक. जमिनीवर जॅकचा चौकोनी ठसा दोन ठिकाणी उमटलेला होता, गाडीच्या पुढच्या दोन चाकांइतक्या अंतरावर. खुंटीला पक्कड टांगलेली. दुपारची वेळ होती, बाहेर तूर उन्हात सळसळत होती, तरी आत शिरल्यावर तिघेही का कोण जाणे हळू बोलायला लागले.

गंधालीनं फळीवर हात फिरवला. मागं, भिंतीला लागून, रुमालाची एक छोटी घडी होती. तिनं ती उलगडली. आत पोलादी पट्टीचे दोन तुकडे होते. घासून घासून त्यांची टोकं आरशासारखी झाली होती.

अंगदनं रुमाल ओळखला. "दादाचा हाय." मग त्यानं विचारलं, "हे काय हाय, मॅडम?"

"तुमची शीतलवहिनी," ती बोलून गेली, आणि लगेच तिला वाटलं, बोलायला नको होतं. पण अंगदला राग आला नाही. त्यानं बोटाच्या टोकानं एका तुकड्याला स्पर्श केला आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

तिला सकाळपासून बाहेरून दिसणारी गोष्ट आता आतून दिसायला लागली. कचरा म्हणून कुणी अशा तुकड्यांची घडी घालून ठेवत नाही.

"अंगद, आईला आणि वहिनीला ओसरीवर बसवा. चांगुणाबाईंना बोलवा. हवालदार, वसंताला घेऊन या."

"पण वसंताला सोडायचं तर पट्टी कुणी कापली ते पायजे," बुद्धभूषण म्हणाला.

"ते कळलंय. ज्यानं नवे पॅड मागवले, त्यानंच."

७

ओसरीवर सगळे जमले. वसंता खाली मान घालून पायरीवर बसला. मीना दाराआड उभी राहिली. द्वारकाबाई म्हणाल्या, "बोला काय बोलायचं ते. माझा लेक तर येत न्हाई."

गंधालीनं रुमाल सतरंजीवर ठेवला.

"गाडी रडायची ती या पट्ट्यांमुळं. सोमेश्वरना ते माहीत होतं, वसंतानं दसऱ्यालाच सांगितलं होतं. तरी त्यांनी दुरुस्ती केली नाही. त्यांना तो आवाज हवा होता. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. गेलेल्या माणसाची सय कुठं अडकून बसेल याचा नेम नसतो. पण मग मावशी, तुम्ही पूजा ठरवली. रडणं थांबलं नाही तर मीनानं घर सोडायचं. तेव्हा त्यांना दोघींतली एक निवडावी लागली."

द्वारकाबाईंनी रुमालाकडे पाहिलं.

"ते वसंताकडे गेले आणि नवे पॅड मागवले. ते यायला वेळ होता आणि पूजा दुसऱ्याच दिवशी. रात्री आखाड्यावर ते एकटेच होते. मीना घरात होती, हे तुम्हीच सांगितलंत, तुमच्या अंगावरून गेल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नव्हतं. अंगद, तुम्ही?"

"मी सासुरवाडीला गेल्तो. पूजेच्या दुपारी आलो."

"वसंतानं कापायचं कारण नाही, त्याच्याकडे तर पॅड यायचेच होते. राहिले सोमेश्वर. जॅक त्यांचा, पक्कड त्यांची, रुमाल त्यांचा. सकाळी गाडी दारात आली तेव्हा ती गप्प होती. चांगुणाबाईंचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. पूजा नंतर झाली. शीतलचा आवाज त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला, मीना या घरात राहावी म्हणून."

दाराआडून एक हुंदका आला. मीनानं चौकटीला धरलं होतं. ती त्या रुमालाकडे अशी बघत होती, जणू तो आज पहिल्यांदा तिला कुणी दिला होता.

"पण पट्टी कापली म्हणून पॅड जाड होत नाहीत," गंधाली पुढं म्हणाली. "गाडीनं मग दुसऱ्या तऱ्हेनं सांगायला सुरुवात केली. पेडल खोल, लाल दिवा, डावीकडची ओढ. त्यांनी धोका पत्करला, दोन-चार दिवसांचा प्रश्न म्हणून. सरळ रस्त्यावर तो निभावला असता. घाटाच्या उतारावर नाही. हे सगळं मी अहवालात लिहिणार आहे. पाइप कुणी कापला नाही. घातपात नाही."

"मंग तिनं का सांगितलं न्हाई?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "फोन आल्ता ना हिला? हिच्याच तोंडून हवालदारानं ऐकलंय. का थांबवलं न्हाई?"

"तेच मला कळत नव्हतं," गंधाली म्हणाली. "गाडी दारात उभी. फोन हातात. त्या माणसानं आपल्यासाठी एवढं केलंय हे तिला माहीतही नव्हतं, तरी तो तिचा नवरा. ती पळत आली असणार, मावशी. न येण्याचं एकही कारण मला सापडत नाही. मग ती का थांबली? कुणीतरी थांबवलं म्हणून. आणि त्या वेळी दारात कोण होतं, ते तुम्हीच मला सांगितलं. उतारा घेऊन निघालेल्याला मागून हाक मारायची नसते, हेही."

भिंतीपलीकडून चांगुणाबाईंच्या कुत्र्याच्या साखळीचा आवाज येत होता.

"माझ्याकडे याला पुरावा नाही," गंधाली म्हणाली. "मीना सांगणार नाही. ती म्हणते, लिहा, माझ्यामुळं गेले. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक."

"आत्याबाई," मीना घाईनं पुढं आली, "न्हाई, तुम्ही काय बोलू नका. मला ओरडता आलं असतं. मीच न्हाई ओरडले."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सून घरात आल्यापासून त्यांनी तिच्या तोंडाकडे असं सरळ पाहिलं नसावं. त्यांचा ताठ कणा हळूहळू वाकत गेला, मातीची भिंत पावसात बसते तसा.

"आल्ती," त्या म्हणाल्या. "पळत आल्ती. फोन हातात. 'अहो' एवढंच तोंडातनं निघाल्तं. मी तोंडावर हात ठिवला तिच्या. दंडाला धरून मागं वढली. म्हणलं, हाक मारशील तर उतारा उलटंल, तुझ्यावर न्हाई, माझ्या लेकावर उलटंल." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले. "ती हाताखाली 'पॅड, पॅड' करत होती. मला वाटलं, ही त्याला जाऊ देईना."

बुद्धभूषणनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिव, हवालदार. मी सांगितलं तसं लिव. तक्रार माझी होती, मागं घेते. वसंताला सोडा. त्या पोरानं तर वाचवायला फोन केल्ता."

वसंता पायरीवरच रडायला लागला. अंगद त्याच्याजवळ जाऊन बसला.

लिहून झालं. बुद्धभूषणनं वाचून दाखवलं, द्वारकाबाईंनी सही केली. मग त्यांनी विचारलं, मीनाकडे न बघता, "तू आता जाफराबादेला जाशील?"

मीनानं पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती आणि रागही नव्हता. खूप थकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच होतं.

"तेरावं होईस्तोवर इथंच हाय. पुढचं पुढं बघू."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या.

चांगुणाबाईंनी घरून पिठलं आणि भाकरी आणली होती. सुतकाच्या घरात चूल बंद. त्यांनी ताट सतरंजीवर ठेवलं. शनिवारपासून म्हातारीनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिनं भाकरी हातात घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी ताटाच्या पलीकडच्या बाजूला सरकवली. मीना जागेवरून हलली नाही. म्हातारी वाट बघत राहिली. मग मीना पुढं आली आणि ताटापासून हातभर अंतरावर बसली.

गंधाली उठली. गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधी तिनं एकदा वळून पाहिलं. दोघींपैकी कुणीही घास तोंडात घातला नव्हता, पण भाकरीवर आता माशी बसू नये म्हणून मीना पदरानं वारा घालत होती.